जळालेला पट : ईश्वरी वाणी आणि तिचा लेख

ईश्वर मनुष्याशीं बोलतो असें मानणाऱ्या प्रत्येक धर्माला दोन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात. तो कोणाच्या मुखानें बोलतो, हा पहिला. आणि तें बोलणें त्याचेंच आहे हें ऐकणाऱ्यानें कशावरून ओळखावें, हा दुसरा. पहिल्यापेक्षां दुसरा अधिक कठीण. कारण ईश्वराचें नांव घेऊन बोलणारे पुष्कळ असतात आणि त्यांचीं वचनें एकमेकांस छेदीत असतात. आमच्याकडे मीमांसकांनीं वेद अपौरुषेय मानून या प्रश्नाचें जें उत्तर दिलें तें प्रसिद्धच आहे. ज्या वाणीला कर्ताच नाहीं, तिच्यांत कर्त्याचे दोष कोठून येणार? यहुदी परंपरेनें, व तिच्यामागून ख्रिस्ती परंपरेनें, नेमका उलट मार्ग धरिला. तेथें ग्रंथाच्या आरंभींच बहुधा बोलणाऱ्याचें नांव, बापाचें नांव, कधीं गांव आणि राजाच्या कारकीर्दीचें वर्ष इतका तपशील दिलेला असतो. जणूं एखादें खतपत्रच.

ही कल्पना धर्मशास्त्र्यांच्या प्रबंधांतून समजून घेण्यापेक्षां एका मनुष्याच्या व एका पुस्तकाच्या इतिहासांतून पाहणें अधिक सोयीचें, असें आम्हांस वाटतें. तो मनुष्य म्हणजे अनाथोथ गांवचा यिर्मया. आणि तें पुस्तक म्हणजे जुन्या करारांतील त्याच्या नांवाचें पुस्तक, ज्याची पहिली प्रत राजाच्या शेगडींत जळून गेली. ख्रिस्ती धर्मांतील सत्यासत्याचा निवाडा करण्यास आम्ही बसलों नाहीं. एका धर्मानें आपल्या ईश्वराचें बोलणें कसें ऐकलें, कसें टिपून ठेविलें आणि कसें पारखलें, एवढेंच आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम एका शब्दाविषयीं. हिब्रू भाषेंतील ‘नाबी’ या शब्दाला मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत ‘भविष्यवादी’ व ‘संदेष्टा’ असे दोन प्रतिशब्द आढळतात. पैकीं पहिल्यानें मराठी वाचकाची थोडी दिशाभूल होण्याचा संभव आहे. पंचांग पाहून पुढील वर्षाचें फल वर्तविणाऱ्या जोश्याचें चित्र त्या शब्दानें डोळ्यांपुढें येतें. नाबी हा मुख्यतः निरोप पोंचविणारा. आणि त्याचा निरोप बहुधा चालू काळाविषयींच असतो. राजा कोणाशीं तह करीत आहे, सावकार गरिबांचीं शेतें कशीं गिळीत आहेत, मंदिरांत यज्ञ चालू असतां बाहेर विधवांवर काय गुदरत आहे, हे त्याचे विषय. भविष्य येतें तें परिणाम म्हणून येतें, आणि तेंही सशर्त असतें. यिर्मया कुंभाराच्या घरीं जातो तो प्रसंग या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. चाकावरचें भांडें बिघडलें तेव्हां कुंभारानें तीच माती घेऊन दुसरें घडविलें. त्याप्रमाणें राष्ट्र वळलें तर परमेश्वरही आपला संकल्प बदलतो, असा बोध यिर्मयानें त्यांतून घेतला. ही सशर्तता लक्षांत घेतली नाहीं तर पुढील सर्व इतिहास दुर्बोध होतो.

या इतिहासाचा आरंभ एका सांपडलेल्या पुस्तकापासून होतो. यहूदाचा राजा योशीया याच्या कारकीर्दीच्या अठराव्या वर्षीं, म्हणजे इ. स. पू. ६२२ च्या सुमारास, यरुशलेमांतील मंदिराची डागडुजी चालू असतां मुख्य याजक हिल्कीया यास नियमशास्त्राचें एक पुस्तक मिळालें. शाफान नांवाच्या चिटणिसानें तें राजास वाचून दाखविलें. तें ऐकतांच राजानें आपलीं वस्त्रें फाडिलीं. तें पुस्तक म्हणजे हल्लींच्या अनुवाद ग्रंथाचें मूळ असावें, असा तर्क द वेत्ते या जर्मन पंडितानें १८०५ मध्यें मांडिला, आणि तो थोड्याफार फरकानें बहुतेक विद्वानांनीं पुढें मान्य केला. आम्हांस येथें महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. पुस्तक हातीं असतांही राजाचें समाधान झालें नाहीं; हुल्दा नांवाच्या एका संदेष्ट्रीकडे त्यानें आपलीं माणसें पाठविलीं. ही बाई राजवस्त्रांच्या रक्षकाची पत्नी. यरुशलेमाच्या दुसऱ्या पेठेंत राहात असे. लिहिलेला शब्द खरा कीं खोटा हें एका जिवंत माणसास विचारून ठरविलें गेलें, आणि तें माणूस स्त्री होती. ग्रंथाला वाणीची साक्ष लागली. पुढें शतकानुशतकें ख्रिस्ती धर्मांत ग्रंथ व जिवंत वाणी यांचा जो कधीं मेळ, कधीं झगडा दिसतो, त्याचें बीज या प्रसंगांत आहे.

यिर्मयास याच्या पांच वर्षें आधीं, म्हणजे इ. स. पू. ६२७ च्या सुमारास, ईश्वराचें बोलावणें आलें होतें. तो याजकांच्या घराण्यांतला. आपण अजून लहान आहों, आपणांस बोलतां येत नाहीं, अशी त्यानें सबब सांगितली. ही नाखुषी त्याच्या चरित्रांत शेवटपर्यंत टिकून आहे. आपल्या जन्मदिवसास शाप देण्यापर्यंत त्याची मजल गेली. ईश्वरानें आपणांस फसविलें असें त्यानें ईश्वरासच सुनावलें. आणि त्याच्या पुस्तकानें हे उद्गार झांकून ठेविले नाहींत. ईश्वरी वाणीचें पात्र होणारा मनुष्य पोकळ वेळूसारखा निर्जीव नव्हे, तो कुरकुर करतो, वाद घालतो, आणि तरीही निरोप पोंचवितो, ही कल्पना येथें स्पष्ट दिसते.

इ. स. पू. ६०९ मध्यें मगिद्दो येथें मिसरच्या फारो नखो याच्या हातून योशीया मारला गेला आणि थोड्याच महिन्यांत फारोनें यहोयाकीम यास गादीवर बसविलें. त्याच्या कारकीर्दीच्या आरंभींच यिर्मयानें मंदिराच्या आवारांत उभें राहून सांगितलें, कीं वर्तन सुधारलें नाहीं तर हें मंदिरही शिलोच्या जुन्या देवस्थानाप्रमाणें ओसाड पडेल. याजक व इतर संदेष्टे यांनीं त्यास धरून देहान्त शिक्षेची मागणी केली. सरदारांपुढें जी चौकशी झाली तींत कांहीं वृद्धांनीं एक पूर्वदाखला काढिला. सुमारें शंभर वर्षांपूर्वीं हिज्कीया राजाच्या वेळीं मीखा नांवाच्या खेडवळ संदेष्ट्यानें यरुशलेमाचा असाच नाश वर्तविला होता. राजानें त्यास मारलें नाहीं, उलट तो ईश्वरास शरण गेला आणि संकट टळलें. या युक्तिवादांतील खुबी वाचकांच्या ध्यानांत येईलच. मीखाचें भाकित तोंवर खरें ठरलें नव्हतें. तरीही त्या वृद्धांनीं त्यास खोटा म्हटलें नाहीं. त्याच्या बोलण्यानें राजा वळला, म्हणून बोललेलें घडलें नाहीं, आणि हेंच त्या बोलण्याचें यश, असें त्यांनीं मानिलें.

यिर्मया वांचला तो शाफान चिटणिसाचा पुत्र अहीकाम याच्या पाठिंब्यामुळें. त्याच सुमारास तसेंच बोलणारा उरीया नांवाचा दुसरा संदेष्टा इतका सुदैवी नव्हता. तो मिसर देशांत पळून गेला. राजानें एलनाथान नांवाच्या सरदारास पाठवून त्यास परत आणविलें आणि तरवारीनें मारविलें. उरीयाचें एकही वचन ग्रंथरूपानें राहिलें नाहीं. त्याचें नांव उरलें तें यिर्मयाच्या पुस्तकामुळें. ईश्वरी वाणीचें लेखांत रूपांतर होणें हें किती क्षुल्लक मानवी आधारांवर अवलंबून असतें, हें या दोघांच्या दैवगतीवरून कळतें.

इ. स. पू. ६०५ मध्यें कर्कमीश येथें बाबेलच्या नबुखद्नेस्सरानें मिसरी सैन्याचा फन्ना उडविला आणि पश्चिम आशियाचें राजकारण एका दिवसांत पालटलें. त्याच वर्षीं यिर्मयानें नेरीयाचा पुत्र बारूख यास बोलावून तोंवरचीं आपलीं सर्व वचनें तोंडानें सांगितलीं, आणि बारूखानें तीं शाईनें पटावर लिहून काढिलीं. वीस-बावीस वर्षें जो मनुष्य केवळ बोलत होता, त्यास एकाएकीं लेखाची गरज कां भासली? कारण साधें आहे: मंदिरांत पाऊल ठेवण्याची त्यास बंदी होती. जेथें वक्त्यास जातां येत नाहीं तेथें पट जाऊं शकतो. ईश्वराची वाणी पुस्तकांत कशी शिरली या प्रश्नाचें, निदान या एका बाबतींत, इतकें व्यावहारिक उत्तर ग्रंथच देतो.

दुसऱ्या वर्षाच्या नवव्या महिन्यांत, म्हणजे इ. स. पू. ६०४ च्या डिसेंबराच्या सुमारास, यरुशलेमांत सार्वजनिक उपवासाचा दिवस पाळला गेला. बाबेलच्या बखरीची जी मृत्तिकापट्टिका वाइझमन या विद्वानानें १९५६ मध्यें प्रसिद्ध केली, तिच्या प्रचलित वाचनाप्रमाणें याच महिन्यांत नबुखद्नेस्सरानें समुद्रकांठचें अश्कलोन शहर घेऊन त्याची धूळधाण केली. उपवासाचें कारण ग्रंथांत सांगितलेलें नाहीं. परंतु शत्रु इतका जवळ आला असतां शहरांत कोणती धास्ती पसरली असेल याची कल्पना करतां येते. त्या दिवशीं मंदिरांत, शाफानाचा दुसरा पुत्र गमऱ्या याच्या खोलींतून, बारूखानें पट वाचला. बातमी सरदारांकडे गेली; त्यांनीं पट पुन्हां वाचून घेतला, घाबरून एकमेकांकडे पाहिलें, आणि बारूख व यिर्मया यांस लपून बसण्यास सांगून मगच राजास वर्दी दिली.

राजा हिवाळ्याच्या महालांत बसला होता. पुढें शेगडी पेटलेली होती. वाचणाऱ्यानें तीन-चार स्तंभ वाचले, कीं तेवढा भाग चिटणिसाच्या चाकूनें कापून विस्तवांत टाकण्यांत येई. याप्रमाणें सबंध पट जळून गेला. गमऱ्या, दलाया आणि ज्यानें उरीयास मिसरांतून धरून आणिलें होतें तो एलनाथान या तिघांनीं जाळूं नये म्हणून विनंती केली. राजानें ऐकलें नाहीं. कोणी भ्यालें नाहीं, कोणी वस्त्रें फाडिलीं नाहींत, असें ग्रंथकार मुद्दाम नमूद करतो. मूळ हिब्रूंत पट कापण्यास आणि वस्त्र फाडण्यास एकच क्रियापद योजिलें आहे. बापानें पुस्तक ऐकून वस्त्र फाडिलें. मुलानें वस्त्र शाबूत ठेवून पुस्तक फाडिलें.

मराठी वाचकास येथें इंद्रायणीच्या डोहांत बुडविलेल्या अभंगांच्या वह्यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. पण दोन कथांतील फरकही बोधप्रद आहे. तुकोबांच्या वह्या पाण्यानें कोरड्याच परत दिल्या, असें भाविक परंपरा सांगते. यिर्मयाचा पट परत आला नाहीं. त्यास दुसरा कोरा पट घ्यावा लागला, पुन्हां सांगावें लागलें, आणि बारूखास पुन्हां लिहावें लागलें. शिवाय त्यांत तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली, असें ग्रंथ स्वतःच कबूल करतो. म्हणजे आज जें पुस्तक आहे तें दुसऱ्या प्रतीपासून वाढलेलें आहे, आणि ही गोष्ट लपविण्याची गरज त्याच्या संग्राहकांस वाटली नाहीं. मूळ अक्षरें जळालीं तरी वाणी जळत नाहीं. पुन्हां सांगतांना ती वाढली तरी तिचें ईश्वरीपण जात नाहीं, असा त्यांचा विश्वास होता.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. खरी वाणी ओळखावी कशी? इ. स. पू. ५९७ मध्यें नबुखद्नेस्सरानें यरुशलेम घेऊन तरुण राजा यहोयाखीन यास व मंदिराचीं पात्रें बाबेलास नेलीं. त्यानंतर तीन-चार वर्षांनीं यिर्मया मानेवर लांकडी जूं घेऊन फिरत असे आणि बाबेलच्या सत्तेपुढें मान वांकवा, तरच जगाल, असें सांगत असे. एके दिवशीं मंदिरांत सर्व लोकांसमक्ष गिबोनचा हनन्या नांवाचा संदेष्टा पुढें आला. दोन वर्षांच्या आंत पात्रें, राजा व बंदिवान परत येतील, असें त्यानें परमेश्वराच्याच नांवें सांगितलें आणि यिर्मयाच्या मानेवरचें जूं मोडून टाकिलें. बाहेरून पाहणाऱ्यास दोघांत काय फरक दिसणार होता? नांव तेंच, भाषा तीच, आणि हनन्याचें बोलणें तर लोकांस हवें तें होतें. यिर्मयानें प्रथम म्हटलें, आमेन, असेंच होवो. मागील संदेष्टे बहुधा युद्धाचे व संकटाचेच निरोप आणीत आले. शांतीचा निरोप आणणारा खरा कीं खोटा हें तो निरोप फळास आल्यावरच कळेल, एवढें बोलून तो मुकाट्यानें निघून गेला. त्या क्षणीं त्याजपाशीं दुसरें उत्तर नव्हतें. तें त्यास मागाहून मिळालें: लांकडी जुंवाच्या जागीं लोखंडी जूं येईल. हनन्या दोन महिन्यांत मरण पावला.

हा ‘मागाहून’ आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. पुढें शहराचा नाश झाल्यावर उरलेल्या लोकांनीं यिर्मयास सल्ला विचारला, तेव्हां त्यास दहा दिवस वाट पाहावी लागली. जो आपल्याच मनांतलें ईश्वराच्या नांवावर खपवितो, त्यास दहा दिवस कशाला लागतील?

तथापि फळास आलें तें खरें, ही कसोटीही पुरी पडत नाहीं. अनुवादांतच एके ठिकाणीं ती सांगितली आहे आणि दुसऱ्या ठिकाणीं बजाविलें आहे, कीं चिन्ह खरें ठरलें तरी जो परक्या दैवतांकडे नेतो त्याचें ऐकूं नये. खुद्द यिर्मयाचेंही प्रत्येक वचन अक्षरशः उतरलें नाहीं. पट जाळणाऱ्या यहोयाकीमाच्या गादीवर कोणी बसणार नाहीं व त्याचें प्रेत उघड्यावर पडेल, असें त्यानें सांगितलें होतें. परंतु राजांच्या इतिहासाप्रमाणें तो आपल्या पूर्वजांजवळ निजला व त्याचा पुत्र तीन महिने कां होईना राज्यावर आला. संग्राहकांनीं दोन्ही गोष्टी ठेविल्या. एकीसाठीं दुसरी खोडली नाहीं. मुख्य गोष्ट मात्र खरी ठरली. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलें, मंदिर जळालें. आणि गोड बोलणाऱ्यांवर विसंबलेल्या लोकांस त्याची किंमत जिवानें द्यावी लागली.

त्या आगीचा एक चमत्कारिक पुरावा हल्लींच्या काळीं हातीं आला आहे. १९८२ मध्यें यरुशलेमाच्या प्राचीन भागांत शिलो या पुराणवस्तुसंशोधकाच्या देखरेखीखालीं झालेल्या उत्खननांत मातीच्या मुद्रांचे सुमारें पन्नास ठसे सांपडले. एकेकाळीं ते कागदपत्रांवर लावलेले होते. आगींत कागद गेले. पण त्याच आगीनें कच्ची माती भाजून पक्की झाली. त्यांतील एका ठशावर शाफानाचा पुत्र गमऱ्या असें नांव आहे. ज्याच्या खोलींतून पट वाचला गेला तोच हा, असें बहुतेक संशोधक समजतात. बारूखाच्या नांवाचेही ठसे मध्यंतरीं गाजले होते. परंतु ते बाजारांतून आलेले असून पुढील परीक्षेंत बनावट ठरले. श्रद्धेच्या उत्साहांत असल्या वस्तूंवर भाळणाऱ्यांनीं हा इशारा ध्यानीं ठेवावा.

पुस्तकाच्या वाढीविषयींही नवा प्रकाश पडला आहे. ग्रीक भाषांतरांतील यिर्मया हिब्रू प्रतीपेक्षां सुमारें एक अष्टमांशानें लहान आहे आणि त्यांतील प्रकरणांचा क्रमही निराळा आहे. भाषांतरकारानें काटछाट केली असावी, असें पुष्कळांस वाटे. परंतु मृतसमुद्राजवळ कुमरान येथील गुहांत १९४७ पासून जे प्राचीन पट मिळाले, त्यांतील यिर्मयाचे कांहीं हिब्रू तुकडे मोठ्या पाठाशीं जुळतात, तर कांहीं लहान पाठाशीं. म्हणजे हिब्रूंतच दोन पाठ शेजारीं शेजारीं नांदत होते. ग्रीक परंपरेचें ख्रिस्तमंडळ लहान पाठ वाचतें. पश्चिमेकडील मंडळ्या मोठा पाठ वाचतात. दोघेही त्यास ईश्वराचा शब्द म्हणतात. अक्षर न् अक्षर वरून उतरलें असें मानणाऱ्यांस ही गोष्ट अडचणीची. पण ज्यानें जळालेल्या पटाची कथा नीट वाचली आहे त्यास तिचें नवल वाटूं नये.

ख्रिस्ती धर्माचें यिर्मयाशीं नातें तर नांवापासूनच आहे. नियमशास्त्र दगडी पाट्यांऐवजीं अंतःकरणावर लिहिलें जाईल असा एक नवा करार होईल, असें यिर्मयानें सांगितलें होतें. येशूच्या शेवटल्या भोजनाच्या लूक व पौल यांच्या वृत्तांतांत हेच शब्द येतात. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत तो सबंध उतारा घेतला आहे. आणि पुढें ख्रिस्ती ग्रंथसमूहाचें नांवच ‘नवा करार’ पडलें. त्याच पत्राचा आरंभ या विचारानें होतो, कीं ईश्वर पूर्वीं संदेष्ट्यांच्या द्वारें अनेक प्रकारें बोलला आणि शेवटीं पुत्राच्या द्वारें बोलला. येथें ख्रिस्ती मत यहुदी मतापासून वेगळें होतें: प्रकटीकरणाचें परिपूर्ण रूप पुस्तक नसून एक व्यक्ति आहे, आणि पुस्तक तिची साक्ष आहे.

परंतु जुने झगडे नव्या मंडळींतही आले. इ. स. १४४ च्या सुमारास रोम येथें मार्सियनानें जुना करार सर्वस्वीं टाकून द्यावा असें प्रतिपादिलें. मंडळीनें त्यासच वेगळें केलें आणि यिर्मयास ठेविलें. त्याच शतकांत फ्रिगिया प्रांतांत माँटेनस व त्याच्या दोन सहकारी संदेष्ट्री उठल्या आणि त्यांच्या मुखानें पवित्र आत्मा बोलतो असा दावा झाला. तेव्हां हनन्याचा प्रश्न पुन्हां उभा राहिला. ‘दिदाखे’ नांवाच्या प्राचीन पुस्तिकेंत, जिची प्रत १८७३ मध्यें कॉन्स्टँटिनोपल येथें सांपडली, फिरत्या संदेष्ट्यांसाठीं एक साधी कसोटी दिली आहे: जो तीन दिवस मुक्काम ठोकतो किंवा पैसे मागतो तो खोटा. आमच्या मतें ही कसोटी आजही कोणत्याही धर्मांत उपयोगी पडेल. शेवटीं नव्या कराराच्या २७ पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाच्या अथानासियसानें ३६७ च्या आपल्या पत्रांत दिली आणि कालांतरानें तीच रूढ झाली. तेव्हांपासून नव्या वाणीपेक्षां जुन्या लेखाच्या अर्थावर वाद होऊं लागले.

लेख बंद झाला, पण लिहिणें थांबलें नाहीं. तें भाषांतरांच्या रूपानें चालूच राहिलें. आमच्या भाषेंत श्रीरामपुराहून १८११ मध्यें नवा करार निघाला. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण शास्त्र मराठींत आणण्यांत आयुष्याचीं शेवटलीं वर्षें घालविलीं, आणि १९२२ मध्यें त्यांचा अंत झाला. वेदवाणीच्या संस्कारांत वाढलेल्या या विदुषीस कोऱ्या कागदावर यिर्मयाचे शब्द पुन्हां उतरवितांना बारूखाची आठवण झाली असेल काय, हें सांगतां येत नाहीं. काम मात्र तेंच होतें.

यिर्मयाच्या अखेरीविषयीं त्याचें पुस्तक कांहीं सांगत नाहीं. त्याच्या इच्छेविरुद्ध लोकांनीं त्यास मिसर देशांत नेलें. बारूखही बरोबर होता. तेथें तहपन्हेस नगरांत तो बोलला, आणि लोकांनीं तेथेंही त्याचें ऐकलें नाहीं. ज्या राजानें पट जाळिला त्याचे शिलालेख आज कोणी वाचीत नाहीं; त्याचें नांव बहुतेकांस माहीत आहे तें त्या जळालेल्या पटाच्या दुसऱ्या प्रतीमुळें.